समलिंगी चाच्यांच्या विनोदी अद्भुतकथा: निपाणीकडच्या एका वाचकाला उत्तर

निपाणीजवळच्या एका गावातून एका तरुण वाचकांचे प्रश्न आले आहेत. त्यांनी 'अवर फ्लॅग मीन्स डेथ' ही मालिका पाहिली आणि मग त्याच जातीच्या मिळतील तेवढ्या इंग्रजी कादंबऱ्या फोनवर वाचून काढल्या. चाचे, जादूटोणा, जलपऱ्या, भरपूर हशा आणि त्यात एकमेकांच्या प्रेमात पडणारे दोन पुरुष किंवा दोन बायका, असा सगळा मामला. ते स्वतः गे आहेत, घरी कुणाला ठाऊक नाही. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. समुद्र आयुष्यात एक-दोनदाच पाहिलेल्या माणसाला या गोष्टींचं एवढं वेड का लागावं? हा पळपुटेपणा आहे का? आणि असं काही मराठीत, आपल्या किनाऱ्यावर बेतून लिहिता येईल का, की लोक आपल्यालाच हसतील?

मी बेळगावात बरीच वर्षं कथांचं संपादन करतो, कथालेखनाची शिबिरं घेतो. अशा कथा लिहू पाहणारी मुलं-मुली अलीकडं माझ्याकडं येतात, त्यामुळं या विषयावर बोलण्यासारखं माझ्याजवळ बरंच साठलं आहे. सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करतो. भीती तिथं आहे आणि या कथांची ताकदही तिथंच आहे.

तमाशा, सोंगी भजन, दशावतार बघत वाढलेल्या आपल्या भागातल्या माणसाला बायकी पुरुषावरचं हसू नवं नाही. गवळणीतली मावशी पुरुषच करायचा. नाच्याच्या एका मुरक्यावर अख्खा तंबू डोक्यावर घेतला जायचा. ते काम करणारे कलावंत ताकदीचे होते, त्यांच्या वेळेच्या अचूकपणातून मी आजही शिकतो. पण हशा यायचा तो त्याच्या चालण्यावर, त्याच्या हातवाऱ्यांवर. वगात त्याला दुसरं काही करायला दिलेलंच नसायचं. दुसऱ्या बाजूला गंभीर साहित्य. १९७८ साली आनंद यादवांची 'नटरंग' आली. लेखक कागलचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच. पैलवान गडी कलेपायी नाच्या होतो आणि त्याची जबर किंमत मोजतो. १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं, त्यातली मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी आयुष्य संपवते. दोन्ही कृती मी शिबिरात आवर्जून वाचायला लावतो. तरीही विचार करा, विशीतला एखादा मुलगा वाचनालयाच्या कपाटात स्वतःला शोधत बसला, तर त्याला एका खणात टवाळी सापडते आणि दुसऱ्या खणात सरण.

विनोदी चाचेकथा तिसरा खण उघडते. तिथंही माणसं हसू आणतात, पण ज्या कारणांनी सगळी माणसं हसू आणतात त्याच कारणांनी. तोफा डागणारा गोलंदाज चिकट आहे म्हणून. कप्तानाला पोहता येत नाही आणि ते तो लपवतो म्हणून. तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, भुताची भीती वाटते म्हणून. त्याचं दुसऱ्या गड्यावर प्रेम आहे ही गोष्ट जहाजावर सगळ्यांना ठाऊक असते आणि तीवर कुणी डोळे विस्फारत नाही. ज्याला आयुष्यभर आपण विनोदाचा विषय होऊ अशी धास्ती वाटत आली आहे, त्याला स्वतः विनोद करण्याचा, फजिती होऊन पुन्हा ताठ उभं राहण्याचा हक्क मिळतो. तुमचं वेड इथून येतं असं मला वाटतं. समुद्राचा त्यात वाटा आहे, पण तो नंतरचा.

तुम्ही पाहिलेल्या मालिकेचंच बघा. त्यातला स्टीड बॉनेट खरा होता. बार्बाडोस बेटावरचा पैसेवाला मळेमालक. १७१७ साली बायकामुलं, मळा सगळं मागं टाकून हा माणूस चाचा झाला, तेही समुद्राचा काडीचा अनुभव नसताना. इतर चाचे जहाज लुटून मिळवायचे, यानं ते स्वतःच्या पैशानं घेतलं. चाच्यांमध्ये लुटीतला वाटा असतो, पगार नसतो. यानं खलाशांना पगार दिला. जहाजावर पुस्तकं नेली. पुढं ब्लॅकबिअर्ड या दरारा असलेल्या चाच्यानं त्याच्या जहाजाचा ताबाच घेतला आणि त्या दिवसांत बॉस्टनच्या वर्तमानपत्रात बातमी छापून आली की हा गृहस्थ सकाळी घरातल्या झग्यात डेकवर फिरतो आणि मग आपल्या पुस्तकांकडं वळतो. १७१८च्या नोव्हेंबरात ब्लॅकबिअर्ड लढाईत मारला गेला, डिसेंबरात बॉनेट फासावर गेला. त्या दोघांत प्रेम होतं असं कुठल्याही कागदात नाही, ते मालिकेनं रचलं. रचताना त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. बॉनेट हसू आणतो तो वाईट चाचा आहे म्हणून, आणि दरारा असलेला दुसरा माणूस त्याचा तो वेंधळेपणा बघूनही त्याची टर उडवत नाही, तिथून प्रेम उगवतं. ज्याला लहानपणापासून 'असा काय चालतोस, असा काय बोलतोस' हे ऐकावं लागलं आहे, त्याच्या मनात ही जागा किती खोल जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता जहाज. राजाचं नौदल आणि व्यापारी जहाजं यांच्यावर कप्तानाचा शब्द म्हणजे कायदा, चाबूक त्याच्या हातात. चाच्यांच्या जहाजावर मात्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कप्तान मतांनी निवडत आणि मतांनी काढत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजाचे करार छापील स्वरूपात आपल्यापर्यंत आले आहेत. प्रत्येकाला एक मत. कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना लुटीचे दोन वाटे, म्हणजे फरक तेवढाच. हात किंवा पाय गेला तर ८०० नाणी भरपाई. रात्री आठला दिवे बंद. आणि वाजंत्र्यांना रविवारी सुट्टी! हा रॉबर्ट्स स्वतः शेवटच्या लढाईत, १७२२ साली, किरमिजी रेशमी जाकीट, टोपीत लाल पीस आणि गळ्यात हिऱ्याचा क्रॉस घालून उभा होता. विनोदी लेखकाला याहून जास्त काय लागतं? मात्र त्याच करारात जहाजावर बाई आणायला बंदी आणि वेश बदलून आणली तर मृत्युदंड, हेही लिहिलेलं आहे. तेव्हा जहाज म्हणजे मुक्तीचं माहेरघर अशी समजूत करून घेऊ नका. तिथं काही दारं उघडी होती, काही घट्ट बंद.

उघड्या दारांपैकी दोन सांगतो. कॅरिबियन समुद्रातल्या बुकॅनियर, म्हणजे तिथल्या आधीच्या चाचे लोकांत 'मातलोताज' नावाची पद्धत होती. दोन पुरुष करार करून आपली मालमत्ता एकत्र करायचे, आजारपणात एकमेकांना सांभाळायचे, एक मेला तर दुसरा वारस. त्यांच्यातली किती नाती प्रेमाची आणि किती नुसत्या सोयीची, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण करार होते याबद्दल वाद नाही. दुसरं दार अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या चाच्यांच्या जहाजावरच्या दोन बायकांचं. १७२० साली जमैकात दोघींवर खटला चालला. साक्षीदार बाईनं सांगितलं की दोघी पुरुषी जाकिटं आणि लांब विजारी घालून, डोक्याला रुमाल बांधून, हातात हत्यारं घेऊन उभ्या होत्या. १७२४ साली लंडनमध्ये छापलेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात तर असं दिलं आहे की अ‍ॅनला पुरुषवेशातली मेरी आवडली आणि मग दोघींनी एकमेकींना आपलं गुपित सांगितलं. दोघींनी पोटुशी असल्याचं सांगितल्यामुळं फाशी लांबली. मेरी १७२१ साली तुरुंगातच गेली. अ‍ॅनचा माग तिथंच तुटतो आणि नेमका तिथून तीनशे वर्षांच्या कादंबऱ्यांचा माग सुरू होतो.

तुमचा दुसरा प्रश्न पळपुटेपणाचा. मला तो शब्द तुमच्या तोंडी आवडला नाही, कारण तो बहुधा दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला ऐकवलेला आहे. या कथा वाचून माणूस काय घेऊन येतो ते बघू. एक माणूस सगळ्यांसमोर खरं बोलून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लोकांबरोबर बसून न्याहारी करतो. कुणी ताट सरकवत नाही. हे चित्र तुम्ही खऱ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, आपल्याकडं फार थोड्यांनी पाहिलं आहे. न पाहिलेली गोष्ट मागता येत नाही. कथा ती आधी डोळ्यांपुढं उभी करते. प्रत्यक्षात कोर्टाच्या निकालानं आलेली गोष्टसुद्धा माणसाच्या मनात उतरायला अशी चित्रं लागतात. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. त्या रात्री बेळगावात कुणी ढोल वाजवल्याचं मला आठवत नाही. शिबिरातली एक मुलगी मात्र दुसऱ्या आठवड्यात कथा घेऊन आली, आणि तिच्या कथेत पहिल्यांदाच कुणी मेलं नव्हतं.

तिसरा प्रश्न, आपल्या मातीत हे कसं लावायचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

सीमाभागातल्या माणसाला चाच्यांच्या जहाजाची एक गोष्ट फार लवकर कळते, ती म्हणजे झेंडे. चाच्यांच्या पेटीत सगळ्या देशांचे झेंडे असत. समोरचं जहाज कुणाचं ते बघून त्याच्या दोस्ताचा झेंडा चढवायचा आणि अगदी जवळ गेल्यावर आपला. आपण इथं तेच करत वाढलो. बसस्टँडवर कंडक्टरशी कन्नड, घरात मराठी, कचेरीत अर्ज एका भाषेत आणि मनातल्या मनात शिव्या दुसऱ्या भाषेत. १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन. समोरचा माणूस कोण ते ओळखून तोंड उघडायचं हे आपल्या हाडीमाशी खिळलं आहे. आता त्यावर तुम्ही गे असण्याचा आणखी एक थर चढवा. कुणापुढं काय बोलायचं, कुणाच्या लग्नात 'तुझं कधी?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. तुमच्या पेटीत तर अर्धा डझन झेंडे असतील. म्हणून ज्या जहाजावर शेवटी आपला झेंडा चढतो, त्या प्रसंगाला निपाणीच्या वाचकाचा जीव पुण्याच्या वाचकापेक्षा जास्त वर-खाली होतो, असं माझं मत आहे. आणि विनोदासाठी तर ही पेटी म्हणजे खाणच: पेटी भिजली, रंग एकमेकांत उतरले, घाईत चुकीचा झेंडा चढला, समोरचा सलामीच्या तोफा देऊ लागला आणि आता त्याला लुटायचं कसं?

समुद्रही तितका परका नाही. खानापूर तालुक्याला लागून जोयडा, म्हणजे कारवारचा जिल्हा. १६६५ साली शिवाजी महाराजांनी मालवणहून गलबतं हाकारून बसरूर लुटलं आणि परतताना गोकर्ण, कारवार केलं. कारवारला इंग्रजांची वखार होती आणि १६९७ साली प्रसिद्ध चाचा कॅप्टन किड लाकूडपाणी भरायला तिथं आला होता. पुढं मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे. आपल्या पाण्यातून जायचं तर आपलं दस्तक घ्या, हा त्यांचा दंडक. पोर्तुगीज आधीपासून हेच 'कार्ताझ' नावाच्या परवान्यानं करत होते, पण कान्होजींनी केलं की ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरात ती चाचेगिरी. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. मराठी वाचकाला कप्तान म्हणून सरखेलाचा माणूस दिलात की तो आपोआप तुमच्या बाजूला येऊन बसतो. गुराब, गलबत, मचवा, पडाव, शीड, परबान, नाळ, सुकाणू, नाखवा, तांडेल, हे सगळे शब्द आपल्याकडं आहेत. इंग्रजी कादंबऱ्यांतून 'अर्र' आणि लाकडी पाय उसने आणू नका.

एका गोष्टीकडं मात्र डोळेझाक करू नका. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं मक्केहून सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' हे मोगल जहाज लुटलं. जहाजावर हजचे यात्रेकरू होते. पुरुषांचे हाल झाले, बायकांवर अत्याचार झाले. कॅरिबियन चाचे गुलामांचा व्यापारही करत होते, आणि आपला लाडका बॉनेट ज्या मळ्यावरून उठून गेला तिथं राबणारे हात गुलामांचेच होते. इंग्रजी विनोदी कादंबरी हे सगळं पडद्याआड ठेवून पुढं जाऊ शकते, कारण तिच्या वाचकाचे पूर्वज बहुधा त्या जहाजात बसलेले नव्हते. आपले होते. म्हणून तुमचे चाचे कुणाला लुटतात हे पहिल्याच पानावर ठरलं पाहिजे. यात्रेकरूंना लुटणाऱ्या माणसाच्या विनोदावर मला हसू येणार नाही, त्याचं प्रेम कितीही गोड असो. अफूचा साठा घेऊन चाललेलं कंपनीचं जहाज, मिठागरांचा ठेका घेऊन माजलेला सावकार, यांना लुटा. मजाही येते आणि वाचकाचं मनही स्वच्छ राहतं.

अद्भुताचं कामही इथं सांगून टाकतो. जिथं मासा बोलतो आणि बेट चालतं, तिथं दोन बायकांच्या प्रेमाचं स्पष्टीकरण कुणी मागत नाही, हा अद्भुताचा मोठा फायदा. धोका असा की लेखक ते प्रेमच जादूच्या खात्यावर टाकतो: शाप होता म्हणून असं झालं, उःशाप मिळाला, सगळं 'ठीक' झालं. असा शेवट माझ्याकडं आला की मी तो परत पाठवतो. त्यापेक्षा महाभारत बघा. उद्योगपर्वातली शिखंडीची गोष्ट. मुलगी म्हणून जन्मलेला शिखंडी स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाकडून पुरुषत्व काही काळापुरतं उसनं घेतो. मधेच कुबेर यक्षाच्या घरी येतो, आणि स्त्रीरूपातला यक्ष लाजून बाहेरच येत नाही. कुबेर चिडतो, म्हणतो राहा असाच. मग बाकीचे यक्ष गयावया करतात तेव्हा शिखंडी मरेपर्यंत अशी मुदत ठरते. उसनवारी, मालकाची अवेळी भेट, मागल्या खोलीत लपलेला नोकर, फार्साचा सगळा ऐवज व्यासांनी तिथं ठेवला आहे, आणि शिखंडीची प्रतिष्ठा त्यात कुठं कमी होत नाही.

जवळचंच आणखी एक. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात. तिथले जोगप्पा, आपल्याकडचे जोगते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. देवीच्या दारात ज्यांच्या पाया पडायचं, त्यांनाच खाली बसस्टँडवर फिदीफिदी हसायचं, हेही आपण पाहिलं आहे. मंजम्मा जोगती यांना २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीचं अध्यक्षपद आणि २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बऱ्याच लोकांची भाषा बदलली. तुमच्या जहाजावर जोगती असेल तर तिच्या हाती सुकाणू द्या. रंगत आणायला म्हणून तिच्या गळ्यात चौंडकं अडकवून तिला कोपऱ्यात उभं करू नका. ती भरकटलेल्या माणसांना वाट दाखवणारी आहे, वादळातही दाखवेल.

विनोद कसा बांधायचा ते नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक प्रसंग मांडून दाखवतो. शिबिरात मी तो सरावासाठी देतो, हवा तर घ्या. गुराबेचं नाव 'उधारी', कारण जिच्याकडून ती घेतली त्या बाईचे पैसे अजून द्यायचे आहेत. कारवारजवळ अंजदीव बेटाच्या आडोशाला नांगर टाकला आहे. मध्यरात्री पाण्यातून एक जखीण वर येते, अंगावर शेवाळ, हातात दौत आणि ओलं बाड. या पाण्यातून जायचं तर परवाना लागेल म्हणते. जहाजाचं नाव, शिडं किती, माणसं किती, सगळं लिहून होतं. मग रकाना येतो: 'एका पेटीत सामान ठेवणाऱ्यांचं आपसातलं नातं.' तांडेल आणि गोलंदाज यांची पेटी एक, घोंगडी एक, लुटीतला वाटा एक. काय लिहायचं? कुणीतरी म्हणतं, भाऊ लिहा. गोकाकचा आचारी म्हणतो, "भाऊ असते तर वाटणीवरून एव्हाना एकमेकांचे मुडदे पाडले असते." मग मित्र लिहा. आचारी पुन्हा मान हलवतो. करदंट या मिठाईतला तळलेल्या डिंकाचा सगळ्यात मोठा तुकडा तांडेल रोज कुणासाठी बाजूला काढून ठेवतो हे त्यानं पाहिलेलं असतं, आणि मित्रासाठी तेवढं कुणी करत नाही. पहाटेपर्यंत अख्खं जहाज त्या रकान्यावरून हमरीतुमरीवर येतं. गंमत अशी की ते दोघं अजून एकमेकांशीच बोललेले नाहीत. एक नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, एक सुकाणूपाशी, दोघंही लाल झालेले, समुद्राकडं तोंड करून उभे. शेवटी जखीण बाड मिटते. तीनशे वर्षं हा रकाना भरून घेते आहे, पण त्यात मावत नाही असं पहिल्यांदाच आढळलं, म्हणते, आणि रकानाच खोडून टाकते.

यात हशा कुणावर आहे ते बघा. रकान्यावर आहे, कारकुनीवर आहे, दोघांच्या भित्रेपणावर आहे. त्यांच्या प्रेमावर एकदाही नाही. आणि कचेरीच्या खिडकीशी भाषेपासून आडनावापर्यंत सगळ्यावरून अडलेला आपला सीमाभागातला वाचक त्या जखिणीला लगेच ओळखतो. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, म्हणजे खऱ्या कागदावरचा तो रकाना अजून तसाच आहे. वाचकाला हे कथेत सांगायची गरज नाही. हसता हसता त्याला ते आपसूक आठवतं.

लोक हसतील का, या भीतीवर एक अनुभव सांगतो. एका खेड्यात छोटं कथावाचन होतं, समोर बहुतेक शेतकरी मंडळी आणि बायका. शिबिरातल्या एका मुलीनं दोन दर्यावर्दी बायकांची गोष्ट वाचली. मी तिला आधी म्हटलं होतं की प्रेमाच्या प्रसंगाला थांबू नकोस, आवाजही बारीक करू नकोस, खजिन्याचा प्रसंग जसा वाचतेस तसाच वाच. हशा आला तो जहाजावरची म्हातारी आत्या लुटीचे मोती मोजताना दर दहाव्याला एक काष्ट्यात खोचते तिथं. दोघी एकमेकींना मनातलं सांगतात तिथं बायका शांत ऐकत होत्या. वाचन संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "मग त्या दोघींचं फुडं काय झालं? आत्यानं सोडल्या व्हय त्यांस्नी?" त्यांना काळजी आत्याची वाटत होती. कथा चालली की अशी चालते. प्रत्येक ठिकाणी असंच होईल असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी खुर्च्या सरकवून उठून जाणारेही भेटले आहेत. पण आपल्या श्रोत्याला आपण समजतो त्यापेक्षा गोष्टीची भूक जास्त आहे. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांत मांडवात बसणारा माणूस कथाकथन ऐकतच मोठा झाला आहे, त्याला पात्रांवर जीव लावायला शिकवावं लागत नाही.

लेखनातल्या दोन सवयी मात्र मोडाव्या लागतील. पहिली, प्रत्येक गे पात्राला शहाणं, सोशिक आणि गोड करणं. भीतीपोटी आपण असं करतो, आणि मग ते पात्र विनोदाला निरुपयोगी होतं. त्याला खोटं बोलू द्या, पत्त्यांत हात मारू द्या, कप्तान व्हायची हाव धरू द्या. दुसरी, प्रेमाचा कबुलीजबाब भाषणासारखा लिहिणं. आपल्याकडं माणसं प्रेम बोलून दाखवत नाहीत, 'जेवलास का' विचारतात. तुमच्या चाच्यांनाही तेच करू द्या. तोफा धडाडत असताना एकानं दुसऱ्याला ओरडून विचारलेलं 'सकाळपासून काय खाल्लंस?' हे वाक्य चार पानांच्या कबुलीवर भारी पडतं. आणि हो, संवादात आपली बोली येऊ द्या. बेळगावचा माणूस जहाजावर चढला म्हणून सदाशिव पेठेत बोलायला लागणार नाही.

नावाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. टोपणनावानं लिहायला काहीच हरकत नाही. घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हा निर्णय तुमचा आणि तो कथेच्या घाईनं घेऊ नका. संपादकाला खरं नाव कळलं तरी ते त्याच्याजवळच राहिलं पाहिजे, हे आधी लेखी ठरवून घ्या. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा मृगाच्या आसपास पहिला खर्डा हाती असू द्या. चार हजार शब्दांच्या आत बसवा. सुरुवात वादळानं करू नका, भांडणानं करा. आणि जहाजावरच्या प्रत्येकाला नाव द्या, आचाऱ्यालासुद्धा.